हौदातलं पाणी

उकंडरावनं अश्वजितच्या खिशात हात घालून गाडीची किल्ली काढून घेतली, आणि तीही भर स्टँडवर, चहाच्या हॉटेलासमोर, पंधरा-वीस माणसांच्या देखत. वर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पोट्ट्यानं मोबाईलच्या नादात पाणी पाह्यलं नाई. इंजन शिजवून टाकलं माह्यं."

अश्वजितनं घरी यातलं काही सांगितलं नाही. तो आला, पायरीवर बसला आणि चपलेचा अंगठा ओढत राहिला. सांगितलं ते त्याच्या बायकोनं, धम्मशीलानं. ती कांदा काढायच्या कामावरून परतत होती, तेव्हा तिनं आपल्या कानांनी ऐकलं होतं. डोक्याचा रुमाल सोडत ती सासऱ्याला म्हणाली, "बाबा, हे एक शब्द बोलले नाई. खाली मान घालून उभे होते, चोरावानी."

पुंजाजीचा घास हातातच राहिला. अडुसष्ट वर्षांच्या या माणसानं चाळीस वर्षं विहिरीवरची डिझेल इंजनं दुरुस्त केली होती. सोनाळ्यापासून खाली पूर्णा नदीपर्यंत ज्या मळ्यात इंजन होतं त्या मळ्यात पुंजाजी मिस्त्रीची पेटी जाऊन आली होती. पुढे विजेच्या मोटारी आल्या, इंजनं भंगारात गेली आणि पुंजाजीही घरी बसला. पण हात अजून शाबूत होते, आणि जीभ तर हातांहून शाबूत होती.

"काऊन बे," तो पोरावर ओरडला, "मूग गिळून काऊन उभा होता? पाणी टाकत होता का नाई?"

"रोज टाकत होतो. आज टाकलं का उद्या कमी. गाडीखाली पाहा तं एक थेंब पडेल नाई."

"मंग हे त्याले सांगतलं काऊन नाई?"

"तीनदा सांगतलं. ते म्हणे, कमी होते तं टाकत जाय."

चुलीपुढून बनाबाई म्हणाली, "जाऊ द्या आता. पोरगं दुसरं काम पाहीन."

या 'जाऊ द्या'नं तर पुंजाजी आणखीच पेटला. बायको भोळी होती. दुसरं काम देणार कोण? ज्या ड्रायव्हरनं मालकाचं इंजन शिजवलं त्याच्या हाती कोणी बैलाचा कासराही देत नाही, आणि स्टँडवरचा शब्द तालुक्यात पोचायला एक एस.टी. पुरते. पोराकडे शेत नव्हतं, दुकान नव्हतं. होतं ते एक लायसन आणि सात वर्षांत गाडीला ओरखडा न लागल्याचं नाव. उकंडरावनं खिशात हात घालून काढून घेतलं ते खरं तर हे नाव.

"पेटी काढ," पुंजाजी म्हणाला.

"बाबा, नको. सोनाळ्याचा मिस्त्री पाहून गेला. तो म्हंते, हेडच गेलं. सगळं इंजन खोलाव लागते."

"त्यानं पाह्यलं कशात?"

"बॉनेट उघडून पाह्यलं."

"झाकण उघडून वरण शिजलं का नाई तेही कळत नाई. पेटी काढ!"

उकंडरावचं घर गावाच्या वरच्या अंगाला. समोर पत्र्याची शेड, शेडमध्ये ती पांढरी गाडी, बाजूला पाण्याचा बोर आणि बोरखाली गुरांचा हौद. वैशाखातले दुपारचे दोन वाजलेले. शेडखाली उभं राहिलं तर डोक्यावर तवा धरल्यासारखं होत होतं. उकंडराव ओट्यावरच्या झोपाळ्यावर बनियनवर बसून होता. परवा शेगावहून दर्शन करून येताना गाडीनं वाटेत वाफा सोडल्या होत्या आणि व्याह्यांना घेऊन त्याला तासभर बाभळीखाली उभं राहावं लागलं होतं. त्याचा राग अजून उतरला नव्हता.

"काय रे पुंजा?" तो बसल्या जागेवरून म्हणाला.

पुंजाजी त्याच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. पण उकंडरावचा बाप पुंजा म्हणायचा, म्हणून पोरगाही पुंजा म्हणतो. अशा गोष्टी वारशानं आपोआप मिळतात, त्यांच्यासाठी तलाठ्याकडे जावं लागत नाही.

"गाडी पाह्यतो, भाऊ."

"तू? हे विहिरीवरचं इंजन नोय बावा. कॉम्प्युटर हाये याच्यात."

"असू द्या. पाणी तं कॉम्प्युटर पेत नाई ना?"

"पाह्य मंग. उद्या टोचन करून खामगावले न्यायचीच हाये. पण काही मोडलं तं सांगून ठेवतो..."

"मोडेल वस्तू आणखी काय मोडीन," पुंजाजी म्हणाला आणि पेटी खाली आदळली.

गाडी कालपासून थंड पडली होती. पुंजाजीनं आधी ऑइलची पट्टी ओढली. दोन बोटांवर ऑइल घेऊन चोळलं, उन्हात धरलं. काळं आणि चिकट, जसं असावं तसं. "हेड गेलं असतं तं पाणी ऑइलात उतरलं असतं. ऑइलाचं ताक झालं असतं. हे ताक हाये का, सांग." विचारत होता मुलाला, पण आवाज झोपाळ्यापर्यंत जाईल असा ठेवला होता. मग त्यानं रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी चार बोटं खाली होतं. अश्वजित सवयीनं डबडं घेऊन हौदाकडे गेला आणि भरून घेऊन आला. पुंजाजीनं त्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थू करून थुंकला.

"हे टाकत होता तू?"

"हो."

"हे?"

अश्वजितनं डबडं खाली ठेवलं.

त्या बोरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, त्यात डाळ शिजत नाही आणि बादलीला दोन महिन्यांत पांढरी साल चढते. नदीच्या बाजूची सगळी जमीन अशीच खारी. माणसं पिण्याला नळाचं भरून ठेवतात, नळ आठ-आठ दिवस आला नाही की जार विकत आणतात. खारं पाणी गुरांना, आणि धुण्याभांड्याला. पुंजाजीच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं, पण त्यानं ते गिळलं. बोलायच्या आधी फुटलेली जागा सापडायला पाहिजे होती. नुसतं बोलणाऱ्याला बडबड्या म्हणतात.

त्यानं तेच पाणी ओतलं आणि गाडी चालू करायला लावली. किल्लीसाठी अश्वजितला झोपाळ्यापर्यंत जावं लागलं. उकंडरावनं ती फेकली. पुंजाजी रेडिएटरच्या तोंडात डोकावून बघत राहिला. पाणी हलत होतं, पण बुडबुडा नव्हता. "हेड गेलं असतं तं भाताच्या आधणावानी बुडबुडे आले असते," तो पुन्हा झोपाळ्याला ऐकवून म्हणाला. झाकण लावून, गाडी बंद करून त्यानं हात आत घातला. रेडिएटर कोरडा. खालचा पाइप कोरडा. पाण्याचा पंप कोरडा. मग त्यानं हात इंजनच्या मागच्या अंगाला सरकवला, जिथं वरचा रबरी पाइप नळीच्या तोंडावर चढवलेला असतो. ती जागा नजरेला दिसत नाही, बोटांनीच बघावी लागते. कोपर तापल्या लोखंडाला लागलं, चटका बसला, तरी त्यानं हात काढला नाही. पाइपच्या पट्टीखाली खरखर लागत होती, भिंतीला खार फुटतो तशी.

तिथून पाणी झिरपत होतं, पण गरम लोखंडावर येता येता वाळत होतं. म्हणून तर खाली जमीन कोरडी. पुंजाजीला कळलं, पण एकट्या पुंजाजीला कळून काय उपयोग? उकंडरावला डोळ्यांनी दिसायला पाहिजे होतं.

"काकूले हळद माग," तो मुलाला म्हणाला. "मूठभर."

उकंडरावची बायको रुखमाबाई पेपरात हळद घेऊन आली. ओट्यावर उभी राहून तिनं खाली अश्वजितच्या ओंजळीत ती पुडी सोडली, हात चांगला वीतभर वर ठेवून. "पूजा मांडता काय गाडीची?" ती हसून म्हणाली.

"तसंच समजा," पुंजाजी म्हणाला.

त्यानं बोटं पुसून कोरडी केली आणि प्रत्येक सांध्यावर हळद भुरभुरवली. खालच्या पाइपावर, पंपावर, रेडिएटरच्या तोंडावर, आणि मागच्या त्या पट्टीभोवती गच्च. गाडी चालू करून रेस द्यायला लावली. पाच मिनिटं झाली, सात झाली. पेटीतला फुटका आरसा त्यानं इंजनमागं तिरपा धरला आणि मग हाक मारली, "उठा भाऊ. या इकडं."

उकंडराव कुरकुरत उठला, वाकला. पोट गाडीच्या काठावर दाबलं गेलं. आरशात बघितलं तर बाकी सगळीकडे हळद पिवळीच होती, आणि पट्टीखाली मात्र एक ओली लालभडक रेघ निघाली होती.

"हे काय?"

"हे तुमचं शिजेल इंजन. एवढीशी जागा. पट्टीखाली पाइप झिरपते."

"पण लाल काऊन?"

"चांगल्या पाण्यानं हळद पिवळीच राह्यते. तुमच्या बोरच्या पाण्यानं लाल होते. काकूले विचारा, धुण्यातला हळदीचा डाग कसा होते."

"हो ना, लालच होते," रुखमाबाई बोलून गेली.

उकंडराव ताठ उभा राहिला. चोर हाती लागल्यासारखा त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे यानं बोरचं पाणी टाकलं! म्या कूलंटचा हिरवा डबा आणून देला होता. कंपनीवाल्यानं बजावून सांगतलं होतं, खारं पाणी टाकसान तं नळ्या खाऊन जाईन. काऊन बे अश्वजित, डबा कोठी हाये?"

अश्वजित बॉनेटचा काठ पुसू लागला.

"बोल ना बे!" हे पुंजाजी ओरडला. त्या क्षणी त्याला उकंडरावपेक्षा पोराचा राग आला होता.

"घरात हाये," अश्वजित म्हणाला. "मांगच्या पडवीत. माठापाशी."

"मंग घेतला काऊन नाई?"

अश्वजितनं रुखमाबाईकडे पाहिलं. तिनं पदर सारखा केला. "मी काय याले कधी नाई म्हणलं? मांगतलं तं देतोच ना मी."

"मांगतलं, काकू. दिवाळीपासून चारदा मांगतलं. तुम्ही म्हणल्या, तू थांब, मी देतो. मी थांबलो. मंग बाहेर कोणी आलंच नाई. एका टायमाले म्हणल्या, हौदातलं टाक, गाडीले काय कळते."

तू थांब, मी देतो. हे वाक्य पुंजाजीला तोंडपाठ होतं. त्यात शिवी नाही, जातीचं नाव नाही, उलट कानाला मायाच लागते. उकंडरावच्या बापाच्या विहिरीवर त्यानं किती वेळा इंजन बांधलं, त्याची गिनती नाही. इंजन थंड ठेवायला पाणी त्याच विहिरीचं. पाइप विहिरीत सोडला की इंजन पोटभर प्यायचं. आणि ते इंजन चालू करणारा पुंजाजी ऑइलानं माखलेले हात घेऊन विहिरीच्या धावेच्या कडेला बसायचा, घसा कोरडा करून, कोणीतरी येऊन ओंजळीत ओतेपर्यंत. 'तू थांब पुंजा, देतो.' आधी इंजन प्यायचं, मग पुंजाजी. चाळीस वर्षांत त्याला एकदाही तोंड उघडता आलं नव्हतं, आणि आपण दुपारपासून पोराला मूग गिळल्याचा टोमणा देतो आहोत.

"उकंडराव," तो म्हणाला, "तो डबा आना."

आजवर त्यानं या घरात भाऊशिवाय हाक मारली नव्हती. उकंडरावच्याही ते ध्यानात आलं, पण तो आत गेला. बाहेर आला तो डबा हातात धरून. डब्यावर बोटभर धूळ, कडीला कोळिष्टक, आणि झाकणाचं सील जसंच्या तसं.

"अवं, डबा तं बाहेर ठेवाव ना," तो बायकोवर खेकसला.

"माठापाशी होता. तिकडं याले कसं येऊ देऊ? आपली काही रीत..." एवढं बोलून ती थांबली. दुपारच्या शांततेत तेवढंही खूप मोठ्यानं ऐकू आलं.

"गाडीची वाट लागली तुह्या रीतीपायी," उकंडराव म्हणाला. गाडीची म्हणाला. पोराचं नाव त्याच्या तोंडी आलं नाही.

पुंजाजी पुढच्या कामाला लागला. इंजन निवेपर्यंत थांबला, पाणी काढलं, पट्टी सोडली, पाइप पिळून उपसला. पाइपाचं टोक दगडासारखं कडक झालं होतं, तिथून त्यानं ब्लेडनं इंचभर कापून टाकलं. नळीचं तोंड किडलेल्या दातासारखं खाल्लेलं होतं. अजून दोन महिने गेले असते तर आरपार भोक पडलं असतं. ते त्यानं काच पेपरनं घासलं, बोट फिरवत, पुन्हा घासत, गुळगुळीत होईपर्यंत. घाम नाकावरून इंजनात टपकत होता. पाइप पुढे सरकवून कोऱ्या जागी बसवला आणि पेटीतली नवी पट्टी आवळली. सगळा खेळ इंचभर रबराचा. एवढ्यासाठी त्याच्या पोराला चोरासारखं उभं केलं होतं. पेचकस त्यानं गरजेपेक्षा दोन आटे जास्तच फिरवला.

"आता आतलं खारं धुवाव लागते," तो म्हणाला. "दोन जार आना प्यायच्या पाण्याचे."

"अहो, प्यायचं पाणी इंजनात?" रुखमाबाई म्हणाली. "जारवाला परवा येईन."

"इंजनले द्या, काकू. इंजनानं काही बाटत नाई."

तिचं तोंड एवढंसं झालं. उकंडरावनं स्वतः दोन जार उचलून आणले. पश्चात्तापानं नव्हे, घाईनं; गाडी सुधारली तर उद्याच त्याला पुन्हा शेगावला जायचं होतं. आतून आधी गढूळ, मग पांढुरकं, मग नितळ पाणी निघालं. अर्धं कूलंट, अर्धं पाणी भरून पुंजाजीनं हवा निघेपर्यंत गाडी चालू ठेवली. पट्टीवर पुन्हा हळद टाकली. पंधरा मिनिटं झाली तरी ती पिवळीच राहिली, कोरडी.

पाच वाजले होते. उकंडराव खुशीत आला. "मानलं पुंजा तुले. खामगावची चक्कर वाचली." आणि अश्वजितकडे वळून म्हणाला, "किल्ली राहू दे तुह्यापाशीच. झालं गेलं. उद्या सहाले ये."

"आन् स्टँडवर बोलले ते?" पुंजाजीनं विचारलं.

"अरे, देली ना किल्ली. आणखी काय पाह्यजे?"

"घेतली चार लोकांत. द्या बी चार लोकांत. पोराची चूक नोती, येवढंच म्हणा तिथं."

"पुंजा, जास्त करून राह्यला तू आता."

पुंजाजी काही बोलणार, तेवढ्यात अश्वजित मध्ये पडला. "बसा भाऊ, एक चक्कर मारून पाहू. चढावर तापायचा काटा कसा राह्यते ते पाहाव लागते."

उकंडराव सुटल्यासारखा शर्ट चढवून पुढे बसला. पुंजाजी पेटी मांडीवर घेऊन मागे. पोरगं पुन्हा वाकलं, पुन्हा 'बसा भाऊ' म्हणालं, असं त्याला वाटलं. सोनाळ्याच्या रस्त्यावरचा चढ गाडीनं एका दमात काढला. काटा मध्यावरून हलला नाही. परत येताना अश्वजितनं गाडी स्टँडवर घेतली, चहाच्या हॉटेलासमोर नेऊन उभी केली आणि बंद केली.

संध्याकाळची गर्दी होती. कामावरून आलेली माणसं, एस.टी.ची वाट बघणारी माणसं.

"सांगा, भाऊ," अश्वजित म्हणाला.

"काय सांगू?"

"सकाळी सांगतलं, तसंच."

"घरी चाल." उकंडराव समोर बघत म्हणाला.

अश्वजित थांबला. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून चांगला थांबला. हॉटेलवाला कपबशी हातात घेऊन पुढे आला, "काय झालं, पुन्हा तापली काय?" कोणीतरी हसलं. उकंडरावनं रुमालानं मान पुसली.

मग अश्वजित उतरला. त्यानं बॉनेट उचललं आणि ज्याच्या तोंडून घरातही आवाज निघत नसे तो पोरगा भर स्टँडवर ओरडला, "या, पाहा सगळे! इंजन म्या नाई शिजवलं. कूलंटचा डबा यायच्या घरात माठापाशी होता. तठी माह्यी सावली चालत नाई. मले चालत नाई म्हणून सहा महिने गाडीले गुराच्या हौदातलं पाणी पाजाले लावलं. माठ वाचला, पाइप सडला. हे हाये. मोबाईल-गिबाईल काही नाई."

काही जणांनी बशीत तोंड घातलं. त्यांच्याही घरी माठ होते. नळीवर हळदीचा डाग होता, त्याकडे दोघं-तिघं वाकून बघत राहिले. अश्वजितनं बॉनेट पाडलं. किल्ली गाडीलाच होती. तो घराच्या वाटेला लागला, भराभर, मागं न बघता.

पुंजाजी मागच्या सीटवर तसाच बसून होता. पोराचा अभिमान वाटायला हवा होता. तो नंतर वाटला. आधी त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ सगळ्या विहिरींवरचा साचलेला राग उफाळून आला. एवढी इंजनं खोलली आणि हे एवढं बोलणं आपल्याला साधलं नाही.

"अरे, असा कसा गेला हा?" उकंडराव काचेतून बघत म्हणाला. त्याला गाडी चालवता येत नव्हती. सगळं स्टँड आता त्याच्याकडे बघत होतं. "आता मले घरी कोण नेईन?"

पुंजाजी पेटी घेऊन उतरला. सरळ उभा राहिला.

"तू थांब," तो म्हणाला, "पाहू, कोणी येते का." आणि दार जोरात लावून घेतलं.